आधी पायाने चाला, मग पाठ करा



"कृष्णेला वेण्णा कुठे मिळते?" असं वर्गात विचारलं की अर्धी मुलं खाली बघतात. उत्तर कालच पाठ करून घेतलेलं असतं! पण आजीबरोबर संगम माहुलीला जाऊन आलेलं पोर लगेच हात वर करतं. घाटाच्या पायऱ्या, दोन नद्यांचं पाणी, येताना खाल्लेली भेळ, सगळं क्रमानं सांगतं. ते जास्त हुशार आहे का? नाही. त्याच्या आठवणीला जागा मिळालेली असते.

मेंदूत दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा समुद्रघोड्यासारखा भाग असतो. उंदीर ठराविक जागी आला की या भागातली ठराविक पेशी जागी होते, हे जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये दाखवलं. पुढे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांना शेजारच्या भागात जणू जागेची चौकट आखणाऱ्या पेशी सापडल्या. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं.

काय घडलं, कुठे घडलं, केव्हा घडलं याची गाठही हाच भाग बांधतो. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतून १९५३ मध्ये फिट्सवर उपाय म्हणून याचा बराचसा भाग काढला. त्यानंतर नवे प्रसंग त्यांच्या लक्षात राहीनात.

आपल्याकडचंच बघा. सांगलीत २०१९ च्या महापुराबद्दल कुणालाही विचारा. पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं, सामान कुठे हलवलं, रात्र कुठे काढली, माणूस जागेवरूनच सांगत जातो.

मग आपण मुलांना जागाच न देता नुसतं पाठ का करायला लावतो? मी पाठांतराच्या विरोधात नाही. पाढ्यांना सराव लागतोच. पण नदी, किल्ला, बाजार हे बाकावर बसून कळत नाही. "पोर्शन राहील" हे आपलं नेहमीचं कारण. पण विसरलेला धडा पुन्हा शिकवण्यात जाणारा वेळ आपण मोजतो का?

परिसर भेट कागदावर ठेवू नका. जमत नसेल तर मैदानावर फक्कीनं कृष्णा काढा. महाबळेश्वरहून मुलांना चालत येऊ द्या. माहुलीला वेण्णा, कराडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा बनलेलं पोर येऊन मिळू दे.

आणि पालकहो, शाळेत सोडताना गाडीवर मागं बसलेल्या लेकराला एवढंच विचारा, "आता डावीकडं का उजवीकडं?" रस्ता त्याला सांगू द्या. चुकला तर चुकू द्या. दोन मिनिटं उशीर झाला, तर मी रागावणार नाही!