तिन्हीकडे चालतं म्हणे!

'विंडोज, मॅक, लिनक्स - तिन्हीकडे चालतं' हे वाक्य सॉफ्टवेअरच्या पानावर मोठ्या दिमाखात मिरवत असतं. आर्डुइनो आणि त्याच्या भावंडांशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र मला ते 'नरो वा कुंजरो वा' थाटाचं वाटतं. सॉफ्टवेअर उघडतं तिन्हीकडे, वादच नाही. पण ते उघडणं आणि समोरच्या बोर्डावरचा दिवा लुकलुकणं यांच्यामध्ये जो एक तास जातो, त्याबद्दल तिथे चकार शब्द नसतो. आणि नवीन मुलं गळतात ती याच तासात, असं माझं ठाम मत आहे.

(मावश्या-काकूंसाठी: आर्डुइनो म्हणजे पत्त्याच्या पानापेक्षा थोडा लहान, एक छोटासा संगणकच. २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावातल्या एका डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत जन्मला. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्यांनाही वापरता यावा हाच मूळ हेतू. म्हणजे बघा!)

गंमत अशी, की भांडण सॉफ्टवेअरचं नसतंच. ते असतं दुभाष्याचं. लॅपटॉप यूएसबी बोलतो, बोर्डावरच्या मुख्य चिपला साधी सिरियल भाषा कळते. म्हणून मधे एक छोटी चिप बसवलेली असते. स्वस्त बोर्डांवर ती बहुधा सीएच३४० नावाची चिनी चिप. हिला ओळखायचं काम ऑपरेटिंग सिस्टीमचं, आणि तिथे प्रत्येकाच्या घरची रीत वेगळी. विंडोज तिला 'कॉम ३' किंवा 'कॉम ७' म्हणणार, कधी आधी ड्रायव्हर मागणार. मॅकवर नाव निराळंच. लिनक्समध्ये ड्रायव्हर गाभ्यातच असतो, पण उबुंटूवर पोर्ट उघडायला तुम्ही 'डायलआउट' नावाच्या गटात असावं लागतं. डायलआउट! फोनच्या मोडेमचा जमाना गेला, नाव राहिलं. बरं, गटात नाव घातलं तरी लॉगआउट करून परत आल्याशिवाय ते लागू होत नाही. हे आठवीतल्या पोराला कोण सांगणार? पडद्यावर येतं फक्त 'परवानगी नाही'. त्याला वाटतं, आपल्यालाच नाही.

आता मुद्द्याचं. ताई ज्या शाळेत शिकवते तिथे गेली दोन वर्षं मी महिन्यातून एका रविवारी जातो. देणगीत आलेले जुने लॅपटॉप आहेत, त्यांच्यावर उबुंटू २२.०४ घातलं होतं. बोर्ड जोडला की पोर्ट क्षणभर दिसायचा आणि गायब! केबल बदला, बोर्ड बदला, तेच. शेवटी सिस्टीमची नोंदवही उघडली तेव्हा कळलं, की बीआरएलटीटीवाय नावाचा एक प्रोग्रॅम आमचा बोर्ड पळवतो आहे. हा प्रोग्रॅम अंध माणसांसाठीच्या ब्रेल यंत्रांशी बोलतो. प्रत्येक यूएसबी वस्तूला कंपनीचा आणि वस्तूचा असे दोन क्रमांक असतात. सीएच३४० चे आहेत १ए८६ आणि ७५२३. एका ब्रेल वाचनयंत्रातही हीच चिप आणि हेच क्रमांक! त्यामुळे बिचाऱ्या प्रोग्रॅमला वाटलं, आपलंच यंत्र आलं.

यावर इंटरनेटवर जिथे विचाराल तिथे पहिलं उत्तर एकच: तो प्रोग्रॅम काढून टाका, तुम्हाला कशाला हवाय. एका ओळीत काम होतं हे खरं. पण मला हे उत्तर पटत नाही. ढेकणासाठी घर जाळण्यातला प्रकार आहे हा. ताईच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला जवळपास दिसत नाही. ती ऑर्का हा वाचक प्रोग्रॅम ऐकून लॅपटॉप चालवते, आणि भलतीच भराभर चालवते. ब्रेल यंत्र तिच्याकडे आज नाही, महाग असतं. पण उद्या कुणी दिलं आणि तिने ते शाळेतल्या लॅपटॉपला जोडलं, तर काहीच होणार नाही. का होत नाही हे सांगायला तिथे कोणी नसेल. इतरांचा दिवा लागावा म्हणून तिची वाट आपण आधीच बुजवून ठेवलेली असेल.

खरा उपाय थोडासाच लांब आहे. यूडेव्हच्या नियमांच्या फाइलमध्ये या क्रमांकांची एकच ओळ असते, तेवढी बंद करायची. बाकी सगळी ब्रेल यंत्रं पूर्वीसारखीच चालतात. ताईला फोनवर सांगितलं आणि तिने सगळ्या लॅपटॉपांवर स्वतः केलं. (ताई, तू वाचते आहेसच!)

कोणी म्हणेल, आता ब्राउझरमधूनच होतं की सगळं. क्रोमने २०२१ साली वेब सिरियल आणलं, काही बसवायलाच नको. सोय झाली हे मान्य. पण ब्राउझरही शेवटी तोच पोर्ट उघडतो, आणि डायलआउटवाला दरवान तिथेही उभाच असतो. मला जास्त आवडतो तो मायक्रोबिटचा मार्ग. २०१६ साली ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना वाटला तो. जोडला की पेनड्राइव्हसारखा दिसतो, फाइल त्यावर टाकली की झालं. इथे कष्ट कोणी घेतले? तर बोर्ड बनवणाऱ्यांनी. मुलांवर ढकलले नाहीत. बोर्ड आपल्या खिशाला महाग पडतो, हे मात्र आहेच.

म्हणून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या ब्लॉगमित्रांकडे माझं एक मागणं आहे. तुमचा प्रोग्रॅम पोर्ट उघडू शकला नाही तर नुसतं 'परवानगी नाही' असं ओरडू नका. हा माणूस डायलआउट गटात नाही, किंवा पोर्ट दुसऱ्याच प्रोग्रॅमने धरलाय, हे प्रोग्रॅमला बऱ्याचदा तपासता येतं. तेवढं तपासा आणि सरळ वाक्यात सांगा. जमल्यास मराठीत. ताईच्या शाळेत ती वाक्यं सध्या एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवली आहेत, आणि त्या मुलीसाठी ताईने ती फोनवर वाचून रेकॉर्ड करून ठेवली आहेत.