श्रोत्याचा अधिकार

विद्यापीठाच्या शुद्ध गणित विभागातील संशोधन-व्याख्यान बाहेरच्या माणसाला गूढच वाटते. प्रयोगशाळा नाही, यंत्रे नाहीत. एक फळा, खडूचे चार तुकडे आणि दहा-बारा श्रोते. त्यांतल्याही अनेकांचा धागा पहिल्या वीस मिनिटांतच सुटतो, हे गणिती स्वतःच हसत मान्य करतात. संशोधन छापून प्रसिद्ध होतच असताना हा खटाटोप कशासाठी? कारण सिद्धता छापली गेली म्हणजे ती समजली गेली, असे नव्हे. ती दुसऱ्याच्या डोक्यात उतरते की नाही, याची कसोटी समोर बसलेला माणूसच लावू शकतो.

मॉस्कोचे गणिती इस्राएल गेल्फांड यांनी हे तत्त्व हट्टाने पाळले. १९४३ साली मॉस्को विद्यापीठात त्यांनी सुरू केलेले चर्चासत्र सोमवारी संध्याकाळी भरे आणि ते चार दशकांहून अधिक काळ चालले. वक्त्याला मध्येच अडवणे ही तेथील रीतच होती. गेल्फांड कधी एखाद्या विद्यार्थ्याला तपासणीचा श्रोता नेमत. त्याला कळेपर्यंत व्याख्यान पुढे सरकत नसे. या पद्धतीत क्रौर्यही होते. वक्त्यांचा पाणउतारा होई. तेवढा भाग कोणी उचलू नये हे बरे. परंतु न समजल्याची लाज विद्यार्थ्याच्या माथ्यावरून उतरवून समजावून देण्याचा भार वक्त्यावर टाकला गेला, ही गोष्ट लहान नव्हे.

मुंबईत याच हेतूला सौम्य वळण मिळाले. के. चंद्रशेखरन १९४९ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्यानंतर लोराँ श्वार्त्झ, कार्ल सीगल यांच्यासारखे थोर गणिती तेथे येऊन व्याख्याने देऊ लागले. त्या व्याख्यानांची टिपणे तरुण श्रोत्यांनी लिहायची आणि संस्थेने ती छापायची, असा प्रघात पडला. ज्याला लिहायचे आहे त्याला कळल्याचे सोंग आणता येत नाही!

आमच्या विद्यापीठीय हिशेबात मात्र श्रोत्याचे खातेच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने परिषदेत निबंध वाचणाऱ्या अध्यापकाला गुण दिले, तेही परिषद आंतरराष्ट्रीय, राष्ट्रीय की स्थानिक अशा पायऱ्या लावून. निबंध ऐकून नेमकी शंका काढणाऱ्याच्या वाट्याला काहीच आले नाही. ज्याची किंमत ठरते त्याचा पुरवठा वाढतो, हा बाजाराचा साधा नियम. मग निबंधांचे पीक फोफावले आणि प्रश्न आटले, यात नवल ते काय? पुष्कळ ठिकाणी प्रश्नोत्तरांची वेळ चहापानाच्या घाईत संपते, आणि विद्यार्थी प्रमाणपत्र घेऊन घरी जातात.

हे बदलण्यास मोठे अनुदान नको. विभागातील प्रत्येक व्याख्यानाचे टिपण एका विद्यार्थ्याने लिहावे, पुढच्या आठवड्यात त्याने ते फळ्यावर मांडावे, आणि त्या अर्ध्या तासात प्राध्यापकांनी पहिल्या बाकावर श्रोते म्हणून बसावे. वेळापत्रकात तेवढी जागा करून देणे हे विभागप्रमुखांच्या हातचे काम आहे.