'द' गाळला म्हणजे निष्काळजीपणा?

चौथीच्या इंग्रजीच्या वह्या तपासताना माझा लाल पेन सगळ्यात जास्त झिजतो तो 'द'पायी. 'डॉग इज बार्किंग.' 'ओपन डोअर.' पूर्वी मी बाजूला 'निष्काळजीपणा' असा शेरा मारायचे. आता मारत नाही.

इंग्रजीत नामाआधी ए, अॅन, द ही उपपदं येतात. वस्तू नेमकी कोणती हे ऐकणाऱ्याला माहीत असेल तर 'द'. मराठीत असं उपपद नाही, म्हणून मुलांना 'कुठलीतरी' आणि 'ती ठरावीक' यातला फरकच कळत नाही, असं आपण धरून चालतो. माझ्या मते आपलं चुकतं ते इथेच.

एकदा फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'काका मुलगी शोधत आहेत.' 'काका मुलीला शोधत आहेत.' वर्गात खसखस पिकली. पहिल्या वाक्यात काका पोराच्या लग्नासाठी स्थळं बघतायत, दुसऱ्यात जत्रेत हरवलेली लेक हुडकतायत! एका 'ला'ने केवढा फरक पडला. आणि हा नियम त्यांना कुणी कधी शिकवलेला नव्हता. (वस्तूंना मात्र हे चालत नाही बरं का, 'पुस्तकाला शोधतोय' असं कुणी म्हणत नाही.)

मग 'टेबलावर पुस्तक आहे' आणि 'पुस्तक टेबलावर आहे'. दुसरं कधी म्हणतो आपण? "पुस्तक कुठंय असं कुणी विचारलं की," मागच्या बाकावरून उत्तर आलं. म्हणजे नुसती शब्दांची जागा बदलूनही मराठी हे काम करते. गोष्टीतसुद्धा 'एक राजा होता' एकदाच, पुढे नुसता 'राजा'.

प्रत्येक भाषेची तऱ्हा वेगळी. अरबीत 'किताब' म्हणजे पुस्तक आणि 'अल्-किताब' म्हणजे ते ठरावीक पुस्तक. स्वीडिशमध्ये हे शेपटीला लागतं: 'बील' म्हणजे गाडी, 'बीलेन' म्हणजे ती गाडी. रशियनमध्ये आपल्यासारखंच उपपद नाही, त्यामुळे इंग्रजी शिकणारे रशियन लोकही 'द' गाळतात. त्यांना काय निष्काळजी म्हणायचं?

म्हणून पालकहो, वही बघून लगेच रागावू नका. "कुठला कुत्रा? आपल्याला माहीत असलेला का?" एवढंच विचारा. बरीच मुलं आपणहून 'द' घालतात, निदान माझ्या वर्गात तरी.

'द सन' त्यांना पटतं, सूर्य एकच ना! पण 'द गंगा' म्हणायचं आणि 'द महाराष्ट्र' नाही म्हणायचं, हे का, ते मलाही सोपं करून सांगता येत नाही. तेवढं सरळ पाठ करून घेते.