धूर, अग्नी आणि एक इंग्रजी क्रियापद

एका इंग्रजी क्रियापदापायी माणसाची नोकरी जाऊ शकते, असे कुणी म्हटले तर तुम्ही हसाल. मीही हसलो असतो. पण १९६८ साली माझी जाता जाता राहिली, आणि ती कल्याणच्या सकाळच्या लोकलमुळे राहिली. त्या लोकलला मी जन्मभर नावे ठेवली; आज दिवाळीच्या निमित्ताने तिचे उपकार मानतो.

त्या वेळी मी मुंबईच्या एका कचेरीत कारकून होतो. एके दिवशी आवक रजिस्टरातले एक पान नाहीसे झाले. रजिस्टर माझ्या ताब्यातले. संध्याकाळी माझ्या टेबलावर साहेबांचा मेमो येऊन पडला: उद्या खुलासा करा, लेखी. लेखी म्हणजे अर्थात इंग्रजीत. घरात लग्नाची बहीण, वडील नुकतेच निवृत्त झालेले. रात्री कुणाला घास गेला नाही.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेला स्मरून मी खुलासा लिहायला बसलो. मनातले मराठी वाक्य सरळ होते: आपल्या मेमोवरून मी असे अनुमान काढतो की, पान मी फाडले असा आपला समज आहे, तो खरा नाही. इंग्रजी करताना मात्र वजनदार शब्द हवा, म्हणून मी लिहिले, 'आय इम्प्लाय दॅट आय हॅव टोर्न द पेज. धिस इज नॉट करेक्ट.' आणि खाली रुबाबात सही ठोकली.

सकाळच्या गाडीत खिडकीशी मास्तर बसत. पारनाक्याला राहणारे, शाळेतून निवृत्त झालेले, संस्कृत आणि इंग्रजी दोन्ही शिकवलेले. डोंबिवली गेल्यावर मी कागद त्यांच्या हाती दिला. ते वाचतात न वाचतात तोच पारसिकचा बोगदा लागला. डब्यातला दिवा मिणमिणत होता. बाहेर उजेडात आल्यावर मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"काय रे, हा खुलासा आहे की कबुलीजबाब?"

माझ्या पोटात गोळा आला.

"डोंगरावर धूर दिसला," मास्तर म्हणाले, "आणि तू म्हणालास, तिथे अग्नी आहे. आता सांग, अनुमान कुणी केले? धुराने की तू?"

"मी केले, मास्तर."

"मग धुराने काय केले?"

"सुचवले."

"झाले तर! सुचवतो तो इम्प्लाय करतो, आणि त्यावरून ताडतो तो इन्फर करतो. बोलणारा, लिहिणारा आणि धूर हे एका बाजूला. ऐकणारा, वाचणारा आणि पाहणारा दुसऱ्या बाजूला. मेमो लिहिला साहेबांनी, वाचलास तू. मग इन्फर कुणी करायचे? पहिल्या वाक्यात तू 'पान मी फाडले' असे सुचवतो आहेस आणि दुसऱ्यात ते नाकारतो आहेस. साहेब त्यातले कोणते धरतील?"

मास्तरांच्या घरी आठल्ये-बोडसांची, १८९७ साली मुंबईत निघालेली तर्कसंग्रहाची प्रत होती. धूर आणि अग्नी त्यांच्या जिभेवर असत ते तिथले. लॅटिनही त्यांनी थोडे चाखले होते. इम्प्लाय म्हणजे मुळात आत घडी घालणे. बोलणारा अर्थ घडीत ठेवतो, ऐकणारा ती घडी उलगडतो. "आणि एक ध्यानात ठेव," ते म्हणाले, "आपले 'वरून' आहे ना, त्याला तिथे फ्रॉम. इन्फर फ्रॉम. भूतकाळी इन्फर्ड लिहिताना दोन 'आर', पण इन्फरन्समध्ये एकच."

ठाणे येईपर्यंत वाक्य तयार झाले: 'फ्रॉम युवर मेमो आय इन्फर दॅट आय ॲम सस्पेक्टेड ऑफ टेअरिंग द पेज. आय डिड नॉट टेअर इट.' साहेब येण्याआधी मी ते टाइप करून ठेवले. चार दिवसांनी ते पान दुसऱ्या रजिस्टराच्या बांधणीत चुकून शिवले गेलेले सापडले. साहेबांना मेमो परत घ्यावा लागला, आणि आमच्या घरी त्या दिवशी शिरा झाला.

हे मी नातीला अनेकदा ऐकवले आहे. तरी परवा तिच्या कॉलेजच्या प्रयोगवहीत पाहतो तो, 'वुई डिडक्टेड फ्रॉम द रीडिंग्ज.' मी विचारले, "काय गं, आकडे कापून घेतलेस की काय?" डिडक्ट म्हणजे वजा करणे, पगारातून कापतात तसे. निष्कर्ष काढायचा असेल तर डिड्यूस. गंमत अशी की दोघांचे नाम एकच, डिडक्शन. शेरलॉक होम्स करतो तेही डिडक्शन आणि आयकराच्या कागदावर असते तेही डिडक्शन. मुलीचा तरी काय दोष?

दोष इंग्रजांचाही आहे. सोळाव्या शतकात खुद्द सर टॉमस मोर यांनी इन्फर हे क्रियापद दोन्ही अर्थांनी वापरले आहे. पण टॉमस मोर यांना रजिस्टराचा खुलासा द्यायचा नव्हता. तुम्हा-आम्हांला द्यायचा असतो. तेव्हा आपण धूर आणि अग्नी धरून चालावे.

मास्तर आता नाहीत. पण त्यांची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. थंडीतल्या एका सकाळी मलंगगडाकडे बोट दाखवून मी म्हटले होते, "मास्तर, तो पाहा धूर!" ते म्हणाले, "धुके आहे, बाळा. अनुमान चुकले तर दोष डोंगराचा नसतो."

याचा अनुभव मी घरात दर दिवाळीला घेतो. यंदा आमची मंडळी म्हणाली, "अनारशांचे तांदूळ भिजवलेत. गुळाचा डबा हलका लागतोय." मी इन्फर केले की डबा फळीवरून खाली काढून हवा आहे. काढून दिला, आणि समाधानाने वर्तमानपत्र उघडले. तिसऱ्या दिवशी तांदूळ कुटून तयार आणि गूळ अडीच खडे! "मी इतके स्पष्ट सांगितले होते," ती म्हणाली.

तिने इम्प्लाय केले होते. मी धुके पाहून अग्नी ताडला होता. पिशवी घेऊन बाजाराकडे जाताना मास्तरांची फार आठवण झाली.