बर्फाचा हौद

सैबेरियातील याकूत्स्क नगराच्या परिसरात वर्षाकाठी २५० मिलिमीटरांहूनही कमी पाऊस पडतो. तरीही तेथे लार्च वृक्षांची विस्तीर्ण अरण्ये उभी आहेत. हे कसे घडते? त्या भूमीच्या पोटात बारमाही बर्फ आहे. उन्हाळ्यात वरचा पातळ थर तेवढा वितळतो. खालचा गोठलेला थर पाणी झिरपू देत नाही. त्यामुळे थोडेसे पाणीही मुळांना पुरते. बर्फ हाच त्या अरण्याचा हौद होय.

हा हौद आता फुटू लागला आहे. कोळसा व खनिज तेल यांच्या वारेमाप ज्वलनाने पृथ्वी तापत आहे. २० जून २०२० रोजी तिकडील व्हर्खोयान्स्क गावी पारा ३८ अंशांवर चढला! बर्फ वितळला म्हणजे कोठे जमीन खचून पाणी तुंबते, वृक्ष कलतात, मुळे कुजतात. कोठे पाणी खोल निघून जाते आणि अरण्य सुकते. सुकलेल्या अरण्याला वणवा लागण्यास कितीसा वेळ? २०२३ साली कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर भूमी वणव्यांनी होरपळली.

कोणी म्हणेल, "जळाले तेवढे वृक्ष पुन्हा लावू." मुलांनो, वृक्ष लावता येतात, बर्फ लावता येत नाही. शिवाय त्या बर्फात गोठलेला प्राचीन पालापाचोळा कुजू लागला, की त्यातून निघणारे वायू साऱ्या पृथ्वीला, म्हणजे आपल्यालाही, अधिक तापवितात. वृक्षारोपण हे सत्कार्य खरेच. परंतु इंधनाची उधळपट्टी थांबविणे हे त्याहून आधीचे कर्तव्य होय, असे माझे स्पष्ट मत आहे.