चारही चाकांची ओढ : गरज किती, हौस किती?

वाहनखरेदी हा मध्यमवर्गीय कुटुंबात घरबांधणीच्या खालोखाल मोठा निर्णय असतो. घराचा आराखडा आपण कागदावर दहा वेळा खोडून पुन्हा काढतो. वाहनाचा निर्णय मात्र पुष्कळदा शोरूमच्या काचेबाहेर उभे असतानाच होऊन जातो. पुढे पाच माणसांची ऐसपैस केबिन, मागे उघडा हौदा, उंच चाके आणि त्या चारही चाकांना इंजिनाची ओढ देणारी यंत्रणा, असे मध्यम आकाराचे पिकअप रोजच्या वापरासाठी घ्यावे, असा विचार करणारे ग्राहक आता लहान गावांतही भेटतात. हा विचार चुकीचा आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. मात्र तो करताना दोन निरनिराळे प्रश्न एकत्र कालवले जातात आणि त्याची किंमत पुढे सात वर्षे हप्त्यांतून मोजावी लागते.

या दृष्टीने छत्तीसगडमधील अहिवारा हे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. दुर्ग जिल्ह्यातील या नगरपालिकेच्या गावाशेजारी नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी आहेत. ज्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली, त्या कारखान्यासाठी या खाणी खोदल्या गेल्या. जवळच जामुल आणि मलपुरी येथे सिमेंटचे कारखाने आहेत. गावाच्या एका अंगाला असा उद्योग आणि दुसऱ्या अंगाला धमध्याकडे पसरलेली धानाची व भाजीपाल्याची शेती. १९५६ पर्यंत या प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्यामुळे दुर्ग, भिलाई, राजनांदगाव, रायपूर या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आहेत. त्यांतील एखाद्याची नोकरी भिलाईत आणि पाच-सात एकर शेत अहिवाऱ्याच्या पलीकडे असेल, तर त्याचा दिवस दोन रस्त्यांवर वाटला जातो. सकाळी शेताची पांदण, दहा वाजता कार्यालयाचा डांबरी रस्ता. दोन्ही ठिकाणी चालेल असे एकच वाहन असावे, ही त्याची इच्छा स्वाभाविक आहे.

हौदा आणि ओढ : दोन वेगळे प्रश्न

पिकअप घेऊ इच्छिणाऱ्याने प्रथम स्वतःस विचारावे, की आपल्याला हौदा हवा आहे की चारही चाकांची ओढ? या दोन गोष्टी एकाच वाहनात दिसतात म्हणून त्या एकच गरज भागवतात असे नाही.

हौद्याचा प्रश्न मालाचा आहे. छत्तीसगडमध्ये २०२३-२४ च्या खरीप हंगामापासून एकरी २१ क्विंटलपर्यंत धानाची सरकारी खरेदी होऊ लागली. पाच एकरांचे म्हणजे १०५ क्विंटल धान खरेदी केंद्रावर न्यायचे झाले आणि पिकअपमध्ये एका खेपेला अर्धा टन भरला, तरी २१ खेपा होतात. हे काम ट्रॅक्टर-ट्रॉलीचे आहे. ते पिकअपवर सोपवणे म्हणजे तांब्याने विहीर उपसणे. हौदा खरा उपयोगी पडतो तो मधल्या मापाच्या ओझ्याला : खताची चार-पाच पोती, दुरुस्तीला न्यायचा पंप, टोमॅटोचे क्रेट, दुधाचे कॅन. असे ओझे आठवड्यातून किती वेळा असते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. महिन्यातून दोनदा असेल, तर ‘छोटा हत्ती’ भाड्याने सांगता येतो. २००५ साली टाटा एस बाजारात आली आणि लोकांनी तिचे हे बारसे केले, तेव्हापासून ही सोय तालुक्या-तालुक्यांत झाली आहे.

ओढीचा प्रश्न जमिनीचा आहे. येथील शेतकरी जमिनीचे भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार असे चार प्रकार सांगतो. भाटा म्हणजे मुरमाड माळ. त्यावर पावसाचे पाणी थांबत नाही आणि साधी मोटारही सहसा अडत नाही. कन्हार म्हणजे काळी, चिकण, ओल धरणारी जमीन; पावसात ती फुगते, चाकाला लोण्यासारखी चिकटते आणि टायरच्या खाचा भरून काढते. म्हणजे एकाच गावातील दोन शेजाऱ्यांपैकी एकाला चारही चाकांची ओढ आवश्यक ठरेल, तर दुसऱ्याला ती निव्वळ ओझे होईल. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातील किंवा वऱ्हाडातील काळ्या रानातील वाचकांना हा फरक वेगळा समजावून सांगण्याचे कारण नाही.

बाजारानेही हे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवले आहेत. हौदा हवा पण ओढ नको, त्यांच्यासाठी दोन चाकांच्या ओढीची कितीतरी पिकअप आहेत. पुण्याच्या टेल्कोने १९८८ साली टाटामोबाइल आणली, तेव्हापासून ही परंपरा आहे. ओढ हवी पण हौदा नको, त्यांच्यासाठी पूर्वी मारुतीची जिप्सी होती. ती २०१९ मध्ये बंद झाली. त्या गरजेला आता महिंद्राची थार आणि २०२३ साली आलेली जिम्नी आहे. दोन्ही एकत्र हवे, शिवाय मोटारीचा आरामही हवा, तेव्हाच २०१६ साली भारतात आलेली इसुझूची व्ही-क्रॉस किंवा २०२२ साली आलेली टोयोटाची हायलक्स यांचा विचार सुरू होतो. येथे पोहोचेपर्यंत किंमत मात्र कित्येक पटींनी चढलेली असते.

यंत्रणा काय करते, काय करीत नाही

या वाहनांतील चारचाकी ओढ बहुधा कायमची नसते. चालकाने गरजेप्रमाणे ती जोडायची असते. नेहमीच्या प्रवासात इंजिन केवळ मागची चाके फिरवते. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापीत नाहीत. म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाके जोडून ठेवली तर यंत्रणेवर ताण येतो आणि टायर झिजतात. याचा अर्थ असा, की अहिवारा ते भिलाई या विसेक किलोमीटरच्या रस्त्यावर आपण पैसे मोजून घेतलेली ही सोय वर्षभर बंदच राहणार.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चारही चाकांना ओढ मिळाल्याने गाडी चिखलातून सुटते. ती लवकर थांबत मात्र नाही. ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांवर असतातच. चुनखडीच्या आणि सिमेंटच्या मालमोटारी ज्या रस्त्यावरून अहोरात्र धावतात, तेथे पहिल्या पावसात धुळीचा निसरडा थर होतो. त्या थरावर उंच, जड वाहन चालवणाऱ्यास ‘माझी गाडी फोर बाय फोर आहे’ हा विश्वास घातक ठरू शकतो. त्यातही पिकअपची मागची बाजू माल वाहण्यासाठी पाट्यांच्या स्प्रिंगांवर कडक बसवलेली असते. हौदा रिकामा असला की ती बाजू हलकी होते, खड्ड्यांत उसळते आणि ओल्या वळणावर सरकू पाहते. रोज कार्यालयात एकट्याने जाणारा माणूस वर्षभर रिकामा हौदाच वाहून नेत असतो, हे विसरता कामा नये.

शिवाय लांबी. ही वाहने सव्वापाच मीटरहून अधिक लांब असतात. आपली नेहमीची लहान मोटार चार मीटरांच्या आत असते. भिलाईच्या सेक्टरांतील रुंद रस्त्यांवर हा फरक जाणवणार नाही. दुर्गच्या जुन्या बाजारात मात्र तो दर वळणाला जाणवेल.

हप्त्याचा हिशेब

आता बँकेच्या भाषेत बोलू. समजा, अशा पिकअपसाठी २५ लाख रुपयांचे कर्ज घेतले आणि साध्या मोटारीसाठी १० लाखांचे. समजुतीसाठी व्याजदर ९ टक्के आणि मुदत सात वर्षे धरू. पहिल्याचा मासिक हप्ता सुमारे ४०,२०० रुपये होतो, दुसऱ्याचा सुमारे १६,१००. फरक २४,१०० रुपयांचा. महिन्याला १,२५० किलोमीटर प्रवास, पिकअपचे सरासरी ११ किलोमीटर आणि डिझेल मोटारीचे १८ किलोमीटर धरले, तर महिन्याला ४४ लिटर डिझेल अधिक लागते. लिटरला ९५ रुपये धरल्यास ते ४,२०० रुपये होतात. विमा, टायर आणि देखभाल बाजूला ठेवली, तरी फरक महिना २८,३०० आणि वर्षाला सुमारे ३ लाख ४० हजार.

पावसाळ्यात साधी गाडी शेतापर्यंत जाऊच शकणार नाही, असे दिवस वर्षात ४० धरू. म्हणजे चिखलाच्या त्या प्रत्येक दिवसासाठी आपण ८,५०० रुपये देत आहोत! त्या दिवशी गाडी डांबरी रस्त्यावर उभी करून ट्रॅक्टरवर बसून शेतात गेल्यास काय बिघडते? बहुतेकांचे उत्तर ‘काही नाही’ असेच येईल. ज्यांचे उत्तर तसे आहे, त्यांनी आपल्या इच्छेला हौस म्हणावे. हौस करण्यास कोणाची हरकत नाही. पण ती शिलकीतून करावी, कर्जातून करू नये.

थायलंडमध्ये पिकअप ही सर्वसामान्य कुटुंबाची गाडी आहे, असा दाखला नेहमी दिला जातो. तो खरा आहे. परंतु तेथे पिकअपवरील अबकारी कर मोटारीपेक्षा कमी ठेवला गेला आणि त्या धोरणामुळेच ती घरोघर पोहोचली. आपल्याकडे ती महागड्या मोटारींच्या पंगतीला बसते. परदेशातील किफायत येथे तशीच मिळेल, ही अपेक्षा म्हणूनच व्यर्थ आहे.

कोणासाठी ती योग्य?

तथापि हाच हिशेब काही ग्राहकांच्या बाजूने उभा राहतो आणि तोही तितक्याच स्पष्टपणे मांडला पाहिजे. ज्याचा गोठा कन्हार जमिनीच्या पलीकडे आहे आणि ज्याला रोज दोनशे लिटर दूध शहरात पोहोचवायचे आहे, त्याचा विचार करा. लिटरला ४० रुपये धरले, तरी एक खेप चुकली की ८,००० रुपये गेले. दूध पावसाची उघडीप होईपर्यंत थांबत नाही. त्याच्यासाठी चिखलाचा दिवस ८,५०० रुपयांना महाग नाही. शिवाय बांधलेले गिऱ्हाईक टिकते, याचे मोल निराळेच.

दुसरे उदाहरण, ज्याला मोटार आणि मालवाहू गाडी अशा दोन्हींची नित्य गरज आहे. १० लाख आणि ८ लाख अशा दोन कर्जांचे हप्ते मिळून सुमारे २९,००० रुपये होतात. तेव्हा पिकअपच्या हप्त्याशी फरक ११,००० रुपयांवर येतो. एक विमा, एक देखभाल आणि एक जागा वाचते. मात्र दोन गाड्या एकाच वेळी दोन ठिकाणी जाऊ शकतात, एक जाऊ शकत नाही. घरात चालवणारे दोघे असतील, तर हा मुद्दा निर्णायक ठरावा.

अशा ग्राहकाने नोंदणीचा विचार आधीच करावा. खाजगी नोंदणी १५ वर्षांची असते. मालवाहू वाहन म्हणून नोंदवल्यास पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. चालक परवान्याविषयीचा संभ्रम सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दूर केला. ७,५०० किलोपेक्षा कमी वजनाच्या वर्गातील मालवाहू वाहन चालवण्यास हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरेसा आहे. परंतु खाजगी नोंदणीच्या गाडीतून भाड्याने माल नेला आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडचणीत येतो. शेजाऱ्याची पोती ‘येता-जाता’ आणून चार पैसे घेण्यापूर्वी विमापत्र एकदा शांतपणे वाचावे.

आमची सूचना साधी आहे. खरेदीपूर्वी एक पावसाळा जाऊ द्यावा. जून ते सप्टेंबर या काळात एका वहीत तीन रकाने आखावेत : आज गाडी कोठे अडली, आज किती ओझे होते, आणि न गेल्याने किती रुपयांचे नुकसान झाले. दसऱ्याला मुहूर्त पाहण्याआधी ती वही उघडावी. तिसऱ्या रकान्याची बेरीज हप्त्यांतील वार्षिक फरकाच्या जवळपास जात असेल, तर निःशंक मनाने पिकअप घ्यावे आणि ती वही घेऊनच शाखेत यावे. कर्जाची रक्कम, मुदत आणि प्रकार ठरवताना तिचा उपयोग होईल. रकाना बहुतांशी कोराच राहिला असेल, तर लहान मोटार घ्यावी आणि वाचलेल्या हप्त्यांतील थोडी रक्कम पांदणीवर मुरूम टाकण्यासाठी शेजाऱ्यांसह वर्गणी म्हणून द्यावी. त्या रस्त्याने मग सर्वांच्याच गाड्या जातील.