टेराबाइटची मागणी आणि मंजुरी

शासकीय यंत्रणेत मागणीपत्रातील आकडा फुगवण्याची सवय जुनी आहे. पुढील वर्षी मंजुरी मिळेल याची शाश्वती नसते, म्हणून आजच दुप्पट मागावे, असा तो हिशेब. प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर घेतला जाई, तेव्हा जादा मेमरी नुसती पडून राही. आता एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालतात. एकाने अडवलेली मेमरी दुसऱ्याच्या वाट्यातून जाते.

भिलाईसारख्या पोलादनगरीला हे नवीन वाटू नये. तेथील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. भट्टी कितीही मोठी असली, तरी दल्ली-राजहराचे लोहखनिज आणि नंदिनीची चुनखडी वेळेवर व मापात पोचली नाही, तर त्या क्षमतेला अर्थ उरत नाही. मोठ्या मेमरीचेही तसेच आहे.

व्हीएमवेअरच्या प्रणालीत एक टेराबाइटचे मशीन काहीही मेमरी राखीव न ठेवता सुरू केले, तर त्याच्यासाठी डिस्कवर एक टेराबाइटची स्वॅप फाइल तयार होते. सर्व्हरवर टंचाई आली की मेमरीचे काम डिस्कवर ढकलले जाते आणि डेटाबेस रांगू लागतो. तरतुदीविना दिलेल्या प्रशासकीय मान्यतेसारखाच हा प्रकार आहे.

दुसरी बाब मांडणीची. बहुप्रोसेसर सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरची मेमरी त्याच्याजवळ असते. दुसऱ्याची वापरायची तर वेळ अधिक लागतो. म्हणून मोठ्या मशीनची रचना त्या विभागणीला धरून असावी. एक टेराबाइट चार किलोबाइटच्या पानांत विभागली तर २६ कोटींहून अधिक पानांचा हिशेब ठेवावा लागतो; दोन मेगाबाइटची पाने घेतली तर ५,२४,२८८ पुरतात.

तिसरी बाब करारातील अटींची. २०११ मध्ये व्हीएमवेअरने परवान्याची आकारणी मशीनला नेमून दिलेल्या मेमरीशी जोडली आणि ग्राहकांच्या नाराजीनंतर २०१२ मध्ये ती पद्धत मागे घेतली. फुगवलेल्या आकड्याची किंमत परवान्यातूनही मोजावी लागू शकते, हा त्यातला धडा.

हा विषय तंत्रज्ञांचा आहे, आपण सही करून मोकळे व्हावे, असे अनेक अधिकाऱ्यांना वाटते. ते मला मान्य नाही. यंत्र तंत्रज्ञ चालवतात, पण पैसा जनतेचा असतो, आणि पगाराच्या दिवशी यंत्रणा बंद पडली तर उत्तर प्रशासनालाच द्यावे लागते. म्हणून मंजुरीपूर्वी चार प्रश्न विचारले जावेत. वर्षातील सर्वाधिक गर्दीच्या दिवसांत प्रत्यक्ष वापर किती मोजला? डेटाबेस मिळेल तेवढी मेमरी व्यापून बसतो, त्यामुळे नुसता 'भरलेली' हा आकडा पुरत नाही. मागितलेल्यापैकी राखीव किती ठेवणार? एक सर्व्हर बंद पडला, तर एवढे मशीन सामावून घेण्याइतकी मोकळी मेमरी दुसऱ्या सर्व्हरवर आहे काय? आणि परवान्याची आकारणी कशावर आहे?

या चारही प्रश्नांना लेखी उत्तरे मिळाली, तर टेराबाइटची मागणीही निःसंकोच मंजूर करावी. उत्तरे नसतील, तर ती फाइल परत पाठवणे हेच आपले कर्तव्य ठरते.